समान वाटणीला लगाम : चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनांतील डिफरेन्शियलचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून, गोदावरीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी यांमुळे त्याचा परिसर उसाच्या पट्ट्यात मोडतो. येथे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना चालकाच्या पायापाशी असलेले एक लहानसे पेडल चांगले परिचयाचे आहे. उसाने भरलेली ट्रॉली ओढताना मागचे एक चाक ओल्या मातीत जागच्या जागी गरगरू लागते, दुसरे घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही, अशा वेळी ते पेडल दाबले की दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर चिखलातून बाहेर निघतो. याच महामार्गाने उत्तरेकडे पाचोड, आडूळ ओलांडून छत्रपती संभाजीनगरला पोहोचल्यावर, शहराच्या पूर्वेस शेंद्रा येथे ऑडीच्या मोटारी जोडणारा कारखाना लागतो. तेथे जोडल्या गेलेल्या ‘क्वाट्रो’ प्रणालीच्या मोटारींत हाच प्रश्न कोणतेही पेडल न दाबता, धावत्या वेगात सुटलेला असतो. एकाच अडचणीवरच्या या दोन उत्तरांमध्ये जवळपास शतकभराचा यांत्रिक इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्राच्या कारखान्यांतून गेले आहेत.

मूळ अडचण समजण्यासाठी बैलगाडीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. गाडीची दोन्ही चाके आखावर मोकळी फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरले तरी काहीही बिघडत नाही. ज्या वाहनात इंजिनाची शक्ती आसामार्फत चाकांना द्यायची असते, तेथे ही मोकळीक संपते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेल्या वाहनाने एक पूर्ण वर्तुळ घेतले, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ९.४ मीटर अधिक अंतर कापते आणि वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली, तर हे अंतर कोणत्या तरी एका टायरला घासत पूर्ण करावे लागते. फ्रेंच घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी ज्या दंतचक्ररचनेचे पेटंट घेतले, ती या घासण्यावरचा उपाय होती. इंजिनाकडून येणारा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, क्राऊनबरोबर फिरणाऱ्या पेटीत छोटे स्पायडर गिअर बसवलेले असतात आणि ते दोन्ही बाजूंच्या चाकांना शक्ती देताना त्यांच्या वेगांत हवा तेवढा फरक पडू देतात. या रचनेला डिफरेन्शियल हे नाव पडले आणि पेट्रोलवर चालणारी मोटार अवतरली तेव्हा ती सहजच तिचा भाग झाली.

या साध्या आणि सुंदर रचनेत एक दोष मुळातच आहे. उघडे, म्हणजे कोणतेही बंधन नसलेले डिफरेन्शियल दोन्ही चाकांच्या वेगात फरक पडू देत असले, तरी पीळबल, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोघांना नेहमी समानच देते. एक चाक चिखलात असेल आणि त्याला फिरण्यासाठी जवळजवळ काहीच जोर लागत नसेल, तर दुसऱ्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो; म्हणजे सर्वांत कमी पकड असलेले चाक साऱ्या वाहनाचे भवितव्य ठरवते. चारही चाकांना शक्ती दिली की ही अडचण वाढते, कारण वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात आणि म्हणून पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये तिसरे डिफरेन्शियल बसवावे लागते. तिन्ही उघडी ठेवली तर चारांपैकी एकाच चाकाची पकड सुटल्याने संपूर्ण वाहन जागीच थांबू शकते. डिफरेन्शियलच्या सुधारणेचा पुढचा सगळा इतिहास या समान वाटणीला कोठे, किती आणि कोणाच्या हाताने लगाम घालायचा, या प्रश्नाभोवती फिरतो.

तीन डिफरेन्शियल असलेली पेट्रोल मोटार फार लवकर तयार झाली होती. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये बेल्जियन अभियंता जोसेफ लाव्हियोलेत याच्या आराखड्यावरून सहा सिलिंडरची, चारही चाकांना गती देणारी शर्यतीची मोटार बांधली. ती तिच्या काळाच्या पुष्कळ पुढे होती, परंतु वजन, खर्च आणि पुढच्या वळणाऱ्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या सांध्यांची अपरिपक्वता यांमुळे हा मार्ग दीर्घकाळ ओसाड राहिला. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींसाठी, वळणातून बाहेर पडताना आतले चाक जागीच फिरू नये म्हणून, झेडएफ कंपनीने घसरणे मर्यादित करणारे डिफरेन्शियल पुरवले. मोटारशर्यतींच्या जगात समान वाटणीवर घातलेले हे पहिले परिणामकारक बंधन होते, मात्र ते मागच्या दोन चाकांपुरतेच होते.

चारचाकी गतीचा प्रसार शर्यतीने केला नाही, तो युद्धाने केला. १९४१ पासून अमेरिकेत विलिस आणि फोर्ड यांनी लाखोंच्या संख्येने बांधलेल्या जीपमध्ये मधले डिफरेन्शियल मुळातच नव्हते. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या व मागच्या शाफ्टांत विभागणारी पेटी, दोन्ही शाफ्टांना सरळ एकत्र जोडत असे आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर चालकाने लिव्हर ओढून पुढची चाके सोडवायची असत. ती सोडवली नाहीत, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अंतरातील फरकाला वाट मिळत नाही, शाफ्ट आणि दंतचक्रांमध्ये ताण साठत जातो आणि सुकाणू जड होते. मातीवर किंवा वाळूत टायर थोडे घसरून हा ताण आपोआप मोकळा होतो. म्हणूनच स्वस्त, दणकट आणि कोठेही दुरुस्त होणारी ही रचना लष्कराला आणि पुढे शेतकरी, वनखाते, पाटबंधारे खाते यांना योग्य वाटली.

ही जीप महाराष्ट्रात मुंबईच्या माझगावातून आली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पोलाद व्यापाराच्या कंपनीने १९४७ मध्ये विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडण्यास प्रारंभ केला. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. १९५० च्या दशकात जोडणीकडून देशी निर्मितीकडे वाटचाल सुरू झाली आणि सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल भारतीय खेड्यापाड्यांत इतके रुळले की अमेरिकेतील निर्मिती थांबल्यानंतरही ते येथे दीर्घकाळ बनत राहिले. या जीपच्या मागच्या आणि पुढच्या आसांत क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ५.३८ होते, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागत. त्यामुळे वेग कमी पण ओढ जबर असे. दोन्ही आसांतील डिफरेन्शियल मात्र उघडीच होती. त्यामुळे चारही चाकांच्या गतीची गाडी म्हणून ओळखली जाणारी जीप, पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले की अडकून पडे, ही त्या काळातील चालकांची नित्याची अडचण होती.

या टप्प्यावर इतिहासाचा धागा पुन्हा शेताकडे वळतो आणि ही या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आयर्लंडच्या काउंटी डाऊनमध्ये १८८४ साली जन्मलेला हॅरी फर्ग्युसन याचे नाव भारतीय शेतकरी मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ओळखतो. ट्रॅक्टरमागे अवजार जोडण्याची तीन बिंदूंची हायड्रॉलिक रचना ही त्याची देणगी असून आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर ती दिसते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने आपली संपत्ती आणि जिद्द एका वेगळ्याच उद्दिष्टामागे लावली. सामान्य मोटारीलाही चारही चाकांची गती असावी, म्हणजे ओल्या रस्त्यावरचे अपघात कमी होतील, असे त्याचे ठाम मत होते. टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन या दोन शर्यतपटूंच्या प्रयोगांना आधार देऊन त्याने फर्ग्युसन रिसर्च ही संस्था उभी केली. मधले डिफरेन्शियल ठेवायचे, पण पुढच्या आणि मागच्या शाफ्टांच्या वेगातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याला आपोआप अडवायचे, हे या संस्थेच्या कामाचे मुख्य सूत्र होते. चालकाने लिव्हर ओढण्याची वाट न पाहणारा हा लगाम होता.

फर्ग्युसन १९६० च्या ऑक्टोबरमध्ये मरण पावला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमधील आउल्टन पार्क येथे ओल्या धावपट्टीवर स्टर्लिंग मॉस याने फर्ग्युसन पी९९ ही मोटार चालवून गोल्ड कप जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या बाहेरची असली तरी ती फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि अशी शर्यत जिंकणारी चारही चाकांच्या गतीची ती एकमेव मोटार ठरली. १९६६ मध्ये आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीत हीच प्रणाली रस्त्यावर उतरली. पुढच्या चाकांना ३७ टक्के आणि मागच्यांना ६३ टक्के जोर देणारे तिचे मधले डिफरेन्शियल विषम वाटणीचे सुरुवातीचे महत्त्वाचे उदाहरण आहे. जेमतेम ३२० मोटारी विकल्या गेल्यावर १९७१ मध्ये निर्मिती थांबली, पण रोल्टने कल्पना सोडली नाही. चिकट सिलिकॉन द्रवात बुडवलेल्या पातळ चकत्यांची जुळणी, म्हणजे व्हिस्कस कपलिंग, ही त्याच्या मंडळींच्या प्रयत्नांतून परिपक्व झाली. एका बाजूच्या चकत्या दुसरीपेक्षा जोरात फिरू लागल्या की द्रव विरोध करतो आणि मागे राहिलेल्या बाजूकडे जोर ढकलला जातो.

रॅलीच्या नियमांतील चारचाकी गतीवरचे निर्बंध १९७० च्या दशकाच्या अखेरीस उठले आणि मग घडामोडींना वेग आला. ऑडीचा अभियंता यर्ग बेन्सिंगर याने १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमधील चाचण्यांत पाहिले, की अवघ्या ७५ अश्वशक्तीची इल्टिस ही लष्करी जीप बर्फावर कितीतरी ताकदवान मोटारींना मागे टाकते. त्यातून १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली ऑडी क्वाट्रो जन्मली. जीपसारखी जड ट्रान्सफर केस टाळण्यासाठी तिच्या गिअरबॉक्समध्ये २६३ मिलिमीटर लांबीचा पोकळ शाफ्ट बसवण्यात आला. शक्ती त्यातून मागे मधल्या डिफरेन्शियलकडे जाई आणि तेथून पुढच्या चाकांचा वाटा त्याच पोकळीतून परत पुढे येई. मधले आणि मागचे डिफरेन्शियल चालकाला हाताने कुलूपबंद करता येत असे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पेडलामागचे तत्त्वच आता शर्यतीच्या मोटारीत पोहोचले होते. मिशेल मूतों हिने १९८१ मध्ये सान रेमो रॅली जिंकून जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळवला आणि १९८२ मध्ये उत्पादकांचे अजिंक्यपद ऑडीकडे गेले.

कुलूपबंद डिफरेन्शियल बर्फावर आणि मातीवर उपयोगी असले, तरी कोरड्या डांबरावर ते वळायला नाखूश असते. मोटार सुकाणू वळवूनही सरळ जाऊ पाहते. म्हणून पुढची चढाओढ कुलपाऐवजी प्रमाणशीर बंधनाची झाली. प्युजोच्या २०५ टर्बो १६ मध्ये फर्ग्युसन परंपरेचे व्हिस्कस कपलिंग मध्यभागी आले. १९८६ च्या मे महिन्यात कोर्सिकात रॅलीचालक हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांचा मृत्यू झाल्यावर अतिशक्तिमान ‘ग्रुप बी’ वर्ग वर्षअखेरीस बंद करण्यात आला आणि सर्वसामान्यांना विकल्या जाणाऱ्या मोटारींवर आधारलेली स्पर्धा सुरू झाली. लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपद जिंकले. तिच्या मध्यभागी व्हिस्कस कपलिंग आणि मागे टॉर्सन प्रकारचे डिफरेन्शियल होते. अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लिझमन याच्या कल्पनेतून आलेले टॉर्सन हे मळसूत्री दंतचक्रांचे असते आणि कमी पकड असलेल्या बाजूला जेवढा जोर टिकतो त्याच्या ठरावीक पटीने दुसऱ्या बाजूला जोर देते. ऑडीनेही १९८६ पासून हाताच्या कुलपाऐवजी मध्यभागी टॉर्सन स्वीकारले. त्याची मर्यादा गणितातच दिसते. पट तीनची असेल आणि घसरत्या चाकावर १०० एकक जोर टिकत असेल तर दुसऱ्याला ३०० मिळतात, परंतु एक चाक पूर्ण अधांतरी असेल तर शून्याची तिप्पट शून्यच राहते. रस्त्यावर आणि रॅलीत ही मर्यादा क्वचित जाणवते, खडकात आणि खोल चिखलात मात्र रोजच जाणवते. वेगवान मोटार आणि रानातली गाडी यांचे मार्ग वेगळे झाले ते याच कारणाने.

वेगाच्या मार्गावर जपानी उत्पादकांनी पुढचे पाऊल टाकले. सुबारूने इम्प्रेझाच्या मधल्या डिफरेन्शियलची घट्टता एका चकतीने चालकाच्या हाती दिली. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या १९९६ मधील चौथ्या आवृत्तीत मागच्या दोन चाकांत जोराची फेरफार करणारी संगणकी प्रणाली आणि २००१ मधील सातव्या आवृत्तीत डांबर, खडी, बर्फ अशा तीन अवस्थांसाठी नियंत्रित होणारे मधले डिफरेन्शियल आणले. या मोटारींच्या मालकांमध्ये डिफरेन्शियल सुधारून घेण्याची एक स्वतंत्र कलाच विकसित झाली. चकत्यांच्या डिफरेन्शियलमध्ये स्पायडर गिअरचा दांडा दोन उतरत्या खाचांमध्ये बसतो आणि इंजिनाचा जोर वाढला की खाचा एकमेकींपासून दूर ढकलून चकत्या दाबतो. खाचेचा कोन बदलला, चकत्यांची संख्या किंवा मांडणी बदलली, सुरुवातीचा दाब देणारी स्प्रिंग बदलली, की मोटारीचा स्वभावच पालटतो. केवळ वेग वाढवताना जखडणारी रचना ‘एकमार्गी’, ब्रेक लावताना किंवा वेग कमी करतानाही तेवढीच जखडणारी ‘द्विमार्गी’ आणि यांच्या मधली ‘दीडमार्गी’ अशी वर्गवारी त्यातून रूढ झाली. मागच्या आसात घट्ट बंधन चालते, पुढच्या आसात तेवढेच घट्ट बंधन घातले तर सुकाणू हातातून ओढले जाते आणि मोटार वळणाबाहेर जाते. त्यामुळे तिन्ही ठिकाणी जास्तीत जास्त घट्टपणा आणणे ही नवशिक्यांची समजूत अनुभवी जुळारी मानत नाहीत. रॅलीच्या नियामकांना मात्र या संगणकी चढाओढीचा खर्च खुपला. २००६ मध्ये पुढची-मागची संगणकी डिफरेन्शियल बंद झाली, २०११ मध्ये मधले डिफरेन्शियलच गेले, २०१७ मध्ये ते परतले आणि २०२२ च्या नियमांत पुन्हा काढून टाकण्यात आले.

महाराष्ट्रात या दोन्ही मार्गांचे वारस एकाच काळात तयार होऊ लागले. शेंद्र्यात ऑडीच्या क्यू५ आणि क्यू७ यांची जोडणी झाली, त्याच आवारात २०१० पासून स्कोडाची यती ही चारही चाकांच्या गतीची गाडी जोडली गेली. यतीतील हाल्डेक्स प्रणालीत मध्यभागी डिफरेन्शियल नसते, संगणकाच्या आज्ञेने दाबला जाणारा तेलातला क्लच गरजेपुरता मागच्या चाकांना जोर पोहोचवतो. पुण्याच्या टाटा मोटर्सने २०१२ च्या सफारी स्टॉर्ममध्ये मागच्या आसात घसरणे मर्यादित करणारे डिफरेन्शियल दिले आणि या गाडीची लष्करी आवृत्ती २०१७ मध्ये भारतीय सैन्याने ३,१९२ इतक्या संख्येने मागवली. त्याच वर्षी पुण्याजवळच्या रांजणगावात जीप कंपासची निर्मिती सुरू झाली, म्हणजे माझगावातील पहिल्या जोडणीनंतर सत्तर वर्षांनी जीप हे नाव महाराष्ट्राच्या कारखान्यात परत आले.

रानातल्या मार्गावरचा बदल अधिक मोठा होता. नवलमल फिरोदियांनी उभारलेल्या बजाज टेम्पोची उत्तराधिकारी असलेल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ मध्ये गुरखा नव्याने आणली, तेव्हा तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांत हाताने लावण्याचे पूर्ण कुलूप होते. भारतीय खरेदीदाराला कारखान्यातूनच दोन्ही आसांची कुलपे मिळणे ही तोवर दुर्मीळ गोष्ट होती. महिंद्रने २०१५ मध्ये थारच्या मागच्या आसात ईटन कंपनीचे यांत्रिक कुलूप बसवले, त्याला चालकाच्या हाताची गरज नव्हती. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की पेटीतील फिरती वजने बाहेर फेकली जाऊन कुलूप लागते आणि गाडीने वेग घेतला की ते लागण्याची वाटच बंद होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या, नाशिकला बनणाऱ्या नव्या थारमध्येही ही रचना राहिली आणि २०२४ च्या थार रॉक्समध्ये तिची जागा बटणाने लागणाऱ्या विद्युत कुलपाने घेतली. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेने ही कुलपे किती उपयोगी आहेत हे भर चिखलात दाखवून दिले.

या कारखानी सुधारणांपूर्वी जुन्या जीपच्या मालकांपुढे दोनच पर्याय असत. परदेशी कुलूप आणून बसवणे महाग पडे, तर स्पायडर गिअरच वेल्डिंगने कायमचे जोडून टाकणे स्वस्त पडे. दुसऱ्या उपायाने गाडी चिखलातून निघे, पण रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासत आणि हाफ-शाफ्ट तुटण्याचा धोका वाढे. मोठे टायर घातल्यावर ओढ परत मिळवण्यासाठी क्राऊन-पिनियन बदलण्याची पद्धतही होती. तिच्यात एक पथ्य अनिवार्य असते, ते म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. एकच आस बदलला, तर चारही चाके जोडताच दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्सफर केसची हानी होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल नोंदणीकृत वाहनात करता येणार नाहीत असे स्पष्ट केले. त्यानंतर घरगुती सुधारणांचे क्षेत्र आक्रसले आणि कुलूप कारखान्यातूनच बसून येण्याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले. आज मालकाच्या हाती मुख्यतः देखभालीचे निर्णय उरतात. चकत्यांच्या डिफरेन्शियलला घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य मिसळलेले योग्य तेलच लागते. साधे तेल घातले तर वळणावर चकत्या अडखळत आवाज करतात आणि लवकर झिजतात, आणि एकदा चकत्या झिजल्या की ते महागडे डिफरेन्शियल उघड्या डिफरेन्शियलसारखेच वागू लागते.